झारकॉवचं रॉकेट: फ्लॅश गॉर्डनची पहिली मोहीम खरंच जमली असती का?

(या भागाचा लिखित मजकूर. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून आकडेमोड इथे जरा सावकाश मांडली आहे.)

घरात साठीच्या आसपासचं कुणी असेल तर त्यांना 'इंद्रजाल' एवढा एकच शब्द टाकून बघा. मामा असोत, काका असोत, शेजारचे निवृत्त मास्तर असोत, चेहरा बदलतो. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही निघायचं. सुरुवातीला सगळा कारभार वेताळाचा, म्हणजे फँटमचा. मग मँड्रेक आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि मधूनमधून आकाशातून उतरायचा तो फ्लॅश गॉर्डन.

आजचा विषय हा फ्लॅश गॉर्डनच. आमच्या भिवंडीत रद्दीचा धंदा मोठा आहे, त्यामुळे जुनी कॉमिक्स इथे अजूनही कुठल्यातरी गठ्ठ्यात सापडतात, बहुतेक वेळा कव्हर गेलेली. फ्लॅशच्या अशा कुठल्याही अंकात त्याच्या भोवती तीच माणसं दिसतात: तो, डेल आर्डन आणि डॉक्टर झारकॉव. पण ही तिघं एकत्र आली कशी? त्यासाठी मागे जावं लागतं, ७ जानेवारी १९३४ च्या रविवारी. त्या दिवशी अमेरिकन वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीत ॲलेक्स रेमंडनं काढलेलं फ्लॅश गॉर्डनचं पहिलं पान छापून आलं. बक रॉजर्स नावाचं दुसरं अंतराळ-कॉमिक तेव्हा जोरात चालत होतं, त्याला टक्कर द्यायला किंग फीचर्स कंपनीनं हे काढलं होतं.

त्या एका पानात गोष्ट सुसाट पळते. मोंगो नावाचा एक अख्खा ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालाय. जग शेवटाची वाट बघतंय. फ्लॅश आणि डेल ज्या विमानात आहेत त्याला उल्का लागते, दोघं पॅराशूटनं खाली येतात ते नेमके झारकॉवच्या प्रयोगशाळेजवळ. झारकॉवनं रॉकेट बांधलंय. त्याचा प्लॅन असा: रॉकेट घेऊन जायचं, मोंगोवर धाडकन आदळायचं आणि त्याची वाट वळवायची. म्हणजे आत्मघातकी मोहीम. आणि तो पिस्तूल दाखवून या दोघांना आत बसवतो. का बसवतो, हे मला आजवर कळलेलं नाही. आदळायलाच जायचंय तर पॅसेंजर कशाला? पण तो न्यायचाच होता, नाहीतर पुढची इतकी वर्षं कॉमिक कुणावर चाललं असतं?

रॉकेट मोंगोवर पडतं, तिघं जगतात, क्रूर सम्राट मिंग भेटतो, आणि टकरीचा विषय गोष्ट मागे टाकून देते. पृथ्वी शाबूत राहते, कारण १९४१ मध्ये फ्लॅश तिच्यावर परत येतो. मग तलवारी, राजकन्या, पंखवाली माणसं. बहुतेकांना फ्लॅश गॉर्डन म्हटलं की तेच आठवतं. मला मात्र ते पहिलं पान सोडवत नाही. झारकॉवचा प्लॅन चालला असता का?

आधी एक गोष्ट. १९३४ मध्ये हा प्रश्न आजच्यापेक्षा जास्त वेडगळ वाटला असता. आकाशातून मोठं काहीतरी येऊन पृथ्वीवर आदळू शकतं, हेच तेव्हाच्या बहुतेक भूशास्त्रज्ञांना पटत नव्हतं. चंद्रावरचे खड्डे? ज्वालामुखी. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं सव्वा किलोमीटरचं विवर? त्यावर वाद. ते उल्कापातानंच झालंय याचा पक्का पुरावा युजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांनी दिला तो १९६० मध्ये. तिथे कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, जे बनायला प्रचंड दाब लागतो.

आपल्या घरचं उदाहरण याहून भारी आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, जवळजवळ गोल, मधे खारट अल्कधर्मी पाणी. गावातली कथा अशी की लवणासुर नावाचा दैत्य इथे भुयारात राहायचा आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. त्याच नावाचं देखणं मंदिर गावात आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. पण पुढची दीडशे वर्षं शास्त्रीय मत ज्वालामुखीकडेच झुकलेलं राहिलं, आणि त्यात काही चुकीचं वाटण्यासारखं नव्हतं. अख्खं दख्खन लाव्हाच्या थरांनी बनलंय, त्यात एक खड्डा म्हणजे ज्वालामुखीचाच असणार ना? शेवटी १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून पुरावा मांडला: तिथल्या बेसॉल्टमधली खनिजं आघातानं काचेत बदललेली होती. ज्वालामुखी असं करत नाही. वरून जोरात आदळलेला दगड करतो.

आता तारखा जुळवून बघा. १९६४ ते १९७३. या नऊ वर्षांत महाराष्ट्रात कुणी पोरगं मराठी इंद्रजालमध्ये फ्लॅश गॉर्डन वाचत असेल, तर अवकाशातून येणारी टक्कर त्याच्या हातातल्या कॉमिकमध्ये सर्रास घडणारी होती, पण आपल्याच राज्यातल्या खऱ्या टकरीवर शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

म्हणजे 'टक्कर होऊ शकते' हा पहिला भाग पास. आता रॉकेट.

झारकॉवचा प्लॅन तपासायला शाळेतलं एकच सूत्र पुरतं. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. रॉकेट मोंगोत घुसलं की त्याचा संवेग मोंगोला मिळतो, आणि त्यानं मोंगो थोडा सरकतो. किती थोडा, एवढंच काढायचं. कॉमिकमध्ये वजन दिलेलं नाही, म्हणून झारकॉवला आपण उदार हातानं देऊ: १०० टनांचं रॉकेट, सेकंदाला १० किलोमीटर वेग. मोंगोवर माणसं चालतात-फिरतात, तेव्हा तो पृथ्वीएवढा धरू, म्हणजे ६ वर २४ शून्यं इतके किलो.

भागाकार केला की मोंगोच्या वेगात पडणारा फरक येतो सेकंदाला ०.०००००००००००००००१७ मीटर. दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं. या वेगानं मोंगो एका वर्षात सरकेल सुमारे ५ नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,४०० किलोमीटर. तेवढं सरकायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ऐंशी हजार पटींहून जास्त काळ लागेल.

दुसऱ्या बाजूनं सांगतो. माणकोली नाक्यावर तीस टनांचा भरलेला कंटेनर उभा आहे आणि त्याला एक डास येऊन धडकला. तुम्ही हसाल. पण नुसत्या वजनांचं प्रमाण बघितलं, तर तो डास कंटेनरच्या मानानं झारकॉवच्या रॉकेटपेक्षा काही अब्ज पट भारी पडतो.

आणि रॉकेट सुटायच्या आधीच आपलं काय झालं असतं? मोंगो चंद्राच्या अंतरावर येईल तेव्हा त्याची ओढ बघा. पृथ्वीचं वस्तुमान चंद्राच्या ८१ पट, म्हणून त्या अंतरावर भरती आणणारा जोरही ८१ पट. काशेलीच्या खाडीत पौर्णिमा-अमावास्येला पाणी कसं चढतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ती खाडी, कामवारी नदी, ठाणे, मुंबई, हे सगळं टकरीची वाट न बघता बुडालं असतं. सेकंदाला २० किलोमीटरनं येणारा ग्रह चंद्राच्या अंतरापासून आपल्यापर्यंत साडेपाच तासांच्या आत पोचतो. गर्दीच्या वेळी भिवंडीहून पुण्याला जायला लागतात तेवढाच वेळ, थोडा इकडेतिकडे.

तर ग्रह नापास. पण इथे थांबलं तर अर्धीच गोष्ट होते. आदळून वाट वळवायची ही पद्धत चूक नव्हती. फक्त समोरचा दगड लहान हवा होता.

हे पहिल्यांदा नीट बसून मोजलं ते कॉलेजच्या पोरांनी. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पॉल सँडॉर्फ नावाच्या प्राध्यापकांनी वर्गाला असाइनमेंट दिली: इकॅरस नावाचा, किलोमीटरभराहून मोठा लघुग्रह जून १९६८ मध्ये पृथ्वीवर आदळणार आहे असं समजा, आणि वाचवा. हातात वर्ष-सव्वा वर्ष. इकॅरस खरंच त्या महिन्यात जवळून जाणार होता, पण ६० लाखांहून जास्त किलोमीटर लांबून. पोरांचं उत्तर होतं सहा सॅटर्न-५ रॉकेटं, प्रत्येकावर १०० मेगाटनचा अणुबॉम्ब. हे सॅटर्न-५ म्हणजे माणसाला चंद्रावर नेणारं रॉकेट, आणि असाइनमेंट दिली तेव्हा ते एकदाही उडालेलं नव्हतं. मी इंजिनिअरिंग केलंय, आम्हाला असाइनमेंटमध्ये असलं काही कधी आलं नाही. असो.

आपल्याकडे हा विषय मराठीत आणला तो जयंत नारळीकरांनी. त्यांच्या 'धूमकेतू' कथेत कोलकात्याच्या एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो, गणित केल्यावर तो पृथ्वीवर येणार असं दिसतं, आणि शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र बसून अणुस्फोटानं त्याला वळवायचं ठरवतात. इकडे घरी संकट टळावं म्हणून यज्ञ होतो, आणि धूमकेतू टळल्यावर श्रेय कुणाचं, हा खरा टोला. झारकॉवशी तुलना करून बघा. झारकॉव एकटा, अर्धवट वेडा, पिस्तूल घेतलेला. नारळीकरांच्या कथेत बैठका आहेत, हिशेब आहेत, वेगवेगळ्या देशांची माणसं आहेत. कॉमिक म्हणून ते चाललं नसतं. पण पुढे खरं घडलं ते याच वळणाचं.

२६ सप्टेंबर २०२२. आपल्याकडे २७ तारखेची पहाट. नासाचं डार्ट नावाचं यान पृथ्वीपासून सुमारे १.१ कोटी किलोमीटरवर डायमॉर्फस नावाच्या दगडावर मुद्दाम आदळलं. यानाचं वजन सुमारे ५८० किलो, वेग सेकंदाला ६.१ किलोमीटर. डायमॉर्फस दीडशे-एकशेसाठ मीटरचा, वजन अंदाजे ४३ लाख टन. बॉम्ब नाही, बारूद नाही. नुसती धडक. झारकॉवचा प्लॅन, शब्दशः.

निशाणा निवडण्यात खरी हुशारी होती. डायमॉर्फस हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा छोटा चंद्र. सूर्याभोवती फिरणाऱ्या एकट्या दगडाला धक्का दिला तर फरक कळायला खूप वेळ गेला असता. इथे त्याच्या एका फेरीचा वेळ पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून मोजता येत होता: ११ तास ५५ मिनिटं. त्यात ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी म्हणायची, असं आधीच ठरलं होतं. पडला तब्बल अर्ध्या तासाहून जास्त; फेरी ११ तास २३ मिनिटांवर आली.

आता झारकॉवसाठी केला तोच भागाकार इथे करा. ५८० किलो गुणिले ६,१०० मीटर, भागिले ४.३ अब्ज किलो. उत्तर येतं सेकंदाला साधारण ०.८ मिलिमीटर. पण प्रत्यक्षात मोजला गेलेला फरक सुमारे २.७ मिलिमीटर होता. हा जादाचा धक्का कुठून आला? धडकेनं दगडावरची माती आणि खडे उलट्या दिशेला फवाऱ्यासारखे उडाले आणि त्या उडण्यानं दगडाला आणखी मागे ढकललं, फुग्यातली हवा सोडली की फुगा पळतो तसं. यानानं स्वतः दिलेल्या धक्क्याच्या साडेतीन पटींच्या आसपास एकूण धक्का बसला. ही गोष्ट रेमंडच्या पानात नव्हती, आणि आधी कुणालाच तिचा नेमका आकडा माहीत नव्हता. त्यासाठीच तर आदळायचं होतं.

आणि त्या यानात हिरो कोण होता? कुणीच नाही. शेवटचे चार तास यान स्वतःचं स्वतः चालवत होतं. कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, त्यात डिडिमॉस कोणता आणि डायमॉर्फस कोणता हे सॉफ्टवेअरनं ओळखायचं, दिशा सुधारायची, पुन्हा फोटो. डायमॉर्फस वेगळा ठिपका म्हणून दिसायला लागला तो फक्त शेवटच्या तासाभरात. सिग्नल पृथ्वीपर्यंत यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत होतं, म्हणजे शेवटच्या क्षणी खालून कुणी हँडल फिरवू शकत नव्हतं. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे ऐकून पोटात गोळा येतो. आम्ही रिलीजनंतर रात्री पॅच टाकतो. इथे एकच संधी, नंतर सर्व्हरच शिल्लक राहणार नाही. माझ्यापुरता फ्लॅश गॉर्डनचा लाल शर्ट मी त्या प्रोग्रामला देऊन टाकलाय.

मग सगळं सुटलं का? नाही. कॉमिकनं केलेली दुसरी चूक पहिलीपेक्षा महागाची आहे: वेळ. मोंगो डोक्यावर आल्यावर झारकॉव निघतो. आणि ही चूक आपल्या अगदी अंगावर येऊन गेली आहे.

२७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या एका दुर्बिणीनं एक दगड पकडला, नाव २०२४ वायआर४. व्यास सुमारे ६० मीटर. तो २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर गेली. एवढ्या आकाराच्या दगडासाठी इतका मोठा आकडा त्याआधी कधीच निघाला नव्हता. पडला तर कुठे, याचा जो पट्टा काढला होता तो पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबईचं नाव बातम्यांत आलं, व्हॉट्सॲपवर आलं, आमच्या इथल्या ग्रुपवरही आलं, आणि अर्थातच खाली 'सुट्टी जाहीर करा'चे मीम आले.

६० मीटर म्हणजे काय? ३० जून १९०८ ला सैबेरियात तुंगुस्काला साधारण त्याच मापाचं काहीतरी हवेतच फुटलं आणि दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर आहे.

काही दिवसांतच आणखी निरीक्षणं आली आणि पृथ्वीपुरता धोका जवळजवळ शून्यावर आला. पण समजा आला नसता. गणित करू. ६० मीटरचा दगडी गोळा म्हणजे सुमारे ३ लाख टन. त्याला एक डार्ट मारला, उडणारी माती धरलीच नाही, तर वेगात फरक पडतो सेकंदाला १.२ सेंटिमीटर. यानं तो एका दिवसात सरकतो जेमतेम १ किलोमीटर. तीन वर्षांत हजार-अकराशे. आठ वर्षांत तीन हजार. आणि पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर. मातीच्या उलट्या धक्क्यानं हे आकडे दुप्पट-तिप्पट होऊ शकतात. खरं गणित कक्षेच्या वळणांमुळे बदलतं, शिवाय एवढा लहान दगड धक्क्यानं फुटूही शकतो. पण अंदाज येतो. सापडल्या दिवसापासून २०३२ पर्यंत हातात आठ वर्षं होती. डार्टला प्राथमिक डिझाइनपासून धडकेपर्यंत पाच लागली. उरतात तीन. तीन वर्षांत एक डार्ट पुरत नाही. एकापेक्षा जास्त पाठवावी लागली असती, आणि ठरवायला पहिल्या वर्षी एकही मीटिंग वाया घालवता आली नसती.

एवढी वर्षं मिळतील याचीही हमी नसते. १५ फेब्रुवारी २०१३ ला दुर्बिणीवाल्यांचं लक्ष दुसऱ्याच एका लघुग्रहाकडे होतं, तो २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे आधीच माहीत होतं. त्याच सकाळी रशियात चेल्याबिन्स्कवर वेगळ्याच दिशेनं २० मीटरच्या आसपासचा दगड आला, सूर्याच्या बाजूनं, म्हणून कुणाला दिसलाच नाही. काचा फुटल्या आणि दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. त्यातले बरेचसे उजेड बघून खिडकीशी गेलेले. उजेड आधी येतो, धक्का नंतर. लक्षात ठेवायची गोष्ट आहे, तेव्हा खिडकीशी जायचं नाही.

त्यामुळे मला विचाराल तर या कॉमिकमध्ये राहून गेलेलं पात्र रॉकेटवालं नाही, बघणारं आहे. नारळीकरांनी त्याला कथेत पहिली जागा दिली होती. आज लडाखमधल्या हानले इथे ग्रोथ-इंडिया नावाची रोबोटिक दुर्बीण आहे, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी बॉम्बे मिळून ती चालवतात, आणि पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रहही तिच्या कामात येतात. तिच्यावर काम करणारे काही लोक पवईत बसतात, भिवंडीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर.

एक तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. अपोफिस, साधारण ३५० मीटरचा लघुग्रह. आपल्या घड्याळानुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. आपल्या टीव्हीचे उपग्रह त्याहून लांब, सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. आदळणार नाही, पुढची किमान शंभर वर्षं नाही, हे तपासून झालंय. शनिवार आहे, उशिरा उठलात तरी चालेल.

पुढच्या भागात मँड्रेक, आणि संमोहनानं खरंच काय काय होऊ शकतं. घरी इंद्रजालचे जुने मराठी अंक असतील, विशेषतः फ्लॅश गॉर्डनचे, तर पहिल्या पानाचा फोटो पाठवा. रद्दीत मात्र देऊ नका.